कोणता मासा?

मासळी बाजारात भर दुपारी जाऊ नये, हे मला कळते. तरीही मागच्या रविवारी आळसामुळे दीड वाजता नांदेडच्या बाजारात पोचलो, तेव्हा ओल्या गोणपाटावर पाचच मासे उरले होते आणि विकणाऱ्या मावशी त्यांच्यावर पाणी शिंपडत होत्या. कटला, रोहू, मृगळ, एक मरळ आणि एक चिलापी. मावशींनी विचारले, "कोन्ता देऊ?" आणि मी नेहमीप्रमाणे उत्तर न देता माशांची तोंडे पाहत उभा राहिलो.

ही माझी जुनी खोड आहे. कटल्याचे तोंड आभाळाकडे उघडते, कारण तो वरच्या थरातले सूक्ष्म जीव टिपतो. रोहूच्या ओठांना झालर असते आणि तो मधल्या पाण्यात वावरतो. मृगळाचे तोंड खाली झुकलेले, तळातला गाळ उपसण्यासाठी केलेले. एकाच तळ्यात तीन मजल्यांवर तीन बिऱ्हाडे, भांडण नाही. म्हणूनच तळ्यात बीज सोडणारे हे तिघे एकत्र सोडतात. हॉटेलात 'फिश फ्राय' मागवल्यावर मी "कोणता मासा?" असे विचारतो, वेटर "फिश आहे, साहेब" असे शांतपणे सांगतो आणि घरची माणसे दुसरीकडे पाहू लागतात.

खोडीचे मूळ आजीच्या चुलीपाशी आहे. आमचे गाव गंगाखेडच्या अलीकडे, गंगेच्या म्हणजे गोदावरीच्या काठी. घरात मासा शिजत नसे. तो मागच्या अंगणात, तीन दगडांच्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात शिजे. भोयांचे एक काका पहिल्या पुरानंतर चढणीचे मासे घेऊन येत आणि आजी ते पसरून आधी त्यांची जात लावी. खवल्याचे एकीकडे, मिशांचे दुसरीकडे, आणि मरळ व वाम तिसरीकडे, कारण ते "सापाकडचे". वाम हातातून निसटू नये म्हणून ती तिला चुलीतली राख चोळी, आणि मी शेजारी बसून मनगटाला चिकटलेले रोहूचे खवले उन्हात धरून पाही. त्यावर बारीक वर्तुळे असत, झाडाच्या बुंध्यात असतात तशी. त्यांवरून माशाचे वय काढतात, हे मला फार उशिरा कळले. अंगावरच्या खवल्यांमधून कल्ल्यापासून शेपटीपर्यंत गेलेली बारीक ठिपक्यांची रेघ मात्र मी तेव्हाच शोधून काढली होती. पाण्यातली हालचाल मासा त्या रेघेने टिपतो. मला ती टाक्यांची शिवण वाटे.

मिशांच्या सगळ्या माशांना एका गटात टाकणाऱ्या आजीशी शास्त्राचेही भांडण नाही. सापाकडच्या गटाला मात्र मी कॉलेजात शिकताना मनातल्या मनात हसलो होतो, कारण पुस्तकात मरळ आणि वाम यांची घराणी फार लांब लांब ठेवलेली होती. अलीकडे जनुकांवरून जी नवी वंशावळ मांडली आहे, तीत ही दोन्ही घराणी शेजारी येऊन बसली आहेत. आजीने केवळ अंगलट पाहून हे ठरवले होते, त्यामुळे तिला पूर्ण गुण देता येणार नाहीत. अंगलटीवर विसंबणारा माणूस देवमाशालाही मासाच म्हणणार. पण मासा हा शब्द तरी कुठे नेमका आहे? जगात माशांच्या सुमारे ३५ हजार जाती आहेत आणि त्यांतला फुप्फुसाने श्वास घेणारा लंगफिश नात्याने रोहूपेक्षा तुम्हाआम्हाला जवळचा आहे.

नावांचीही एक गंमत आहे. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णने १८३९ साली छापली. आमचा मुलूख तेव्हा निजामाकडे असल्याने त्याचे मासे पुण्याकडचे, भीमा आणि मुळा-मुठेचे. नावे देताना त्याने अनेकदा लॅटिन शोधत बसण्याऐवजी काठावरच्या लोकांचे शब्दच उचलले. म्हणून आजही जगभरच्या संग्रहालयांत बाटल्यांवर खुद्री, फुलंगी, बोगट, मुल्या, शिंघाळा, गुंगवारी, मुरे ही नावे रोमन लिपीत चिकटवलेली असतात. एखाद्या परदेशी प्राध्यापकाने जीभ वळवत 'गुंगवारी' म्हणण्याची कल्पना केली की मला उगाच बरे वाटते.

त्या दुपारी गिऱ्हाईक नव्हते, म्हणून मी ही नावे मावशींना एकेक करून म्हणून दाखवली. शिंघाळ्याला त्यांनी "शिंगाडा म्हना की" अशी दुरुस्ती सुचवली. फुलंगी आणि बोगट त्यांनी ऐकलेच नव्हते, गुंगवारीला त्या पदर तोंडाला लावून हसल्या. मुरे म्हटल्यावर मात्र त्यांचा पाणी शिंपडणारा हात थांबला. बोटाएवढा, पट्ट्यापट्ट्यांचा, पोटाने सपाट, वाळूला चिकटून राहणारा, असे सगळे वर्णन त्यांनीच केले. लहानपणी त्या ओंजळीने मुरे धरीत आणि तव्यावर नुसत्या मिठात परतून खात.

"आता येतात का?" मी विचारले.

"कुटून येतील, साहेब? त्ये वाळूत ऱ्हातेत. वाळू ट्रकांनी गेली."

मग त्यांनी विळी पुढे ओढली आणि चिलापीकडे बोट दाखवले. मी मान डोलावली.