सायकलला स्पीकर कुठला लावू? तुम्ही विचारलंत म्हणून

प्रश्न नेहमी एकाच साच्यात येतो: दोन मॉडेलची नावं, दोन किमती आणि शेवटी "यातला कुठला घेऊ?" मी उलट विचारतो, हँडलबार कुठला आहे आणि स्पीकर कशाने बांधणार? यावर बरेच जण वैतागतात. त्यांना आवाजाबद्दल ऐकायचं असतं आणि मी पट्ट्या, दोऱ्या आणि मिलिमीटर काढून बसतो. मी असं का करतो, ते एकदाच सविस्तर लिहितो. पुढच्या वेळी विचारलंत की हेच वाचायला देईन.

"मुळात स्पीकर हवाच कशाला, इयरफोन आहेत की," हेही बरेचदा ऐकवलं जातं. कानात बोळा घातल्यासारखे बसणारे इयरफोन रस्त्यावर नकोतच, मागून येणारी गाडी ऐकू यायला हवी. कान मोकळे ठेवून हाडातून आवाज पोचवणारे बोन कंडक्शन हेडफोन मात्र चांगला पर्याय आहेत. शहरात एकट्याने रोज तासभर सायकल चालवत असाल तर तेच घ्या, स्पीकरच्या नादी लागू नका. स्पीकरचा खरा उपयोग लांबच्या राइडला. ४०० किमीच्या ब्रेवेला (ठरलेल्या वेळात पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) २७ तास मिळतात आणि त्यात एक अख्खी रात्र जाते. हेल्मेटचा पट्टा, चष्म्याची काडी आणि हेडफोनची तार इतकं सगळं कानामागे एकाच जागी घासत राहिलं की सातव्या-आठव्या तासाला तिथे हात लावू देत नाही. त्याच सुमाराला बऱ्याच हेडफोनची बॅटरीही संपत आलेली असते.

आता वॉट. ५ आणि १० वॉट यांत कागदावर दुपटीचा फरक दिसतो. कानाला तो ३ डेसिबलचा, म्हणजे जेमतेम जाणवेल इतकाच. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी ताकद दहापट हवी. उलट स्पीकर आणि कान यांतलं अंतर निम्मं केलं तर ६ डेसिबल फुकट मिळतात. म्हणून फ्रेमवरच्या, पाण्याची बाटली ठेवायच्या पिंजऱ्यात मोठा स्पीकर खोचणं मला पटत नाही. तिथून कान मीटरभर लांब आणि मध्ये सतत हलणारे गुडघे. पिंजरा ७३-७४ मिमीच्या बाटलीसाठी बनवलेला असतो. त्यात बसणारे दंडगोल स्पीकर अर्धा किलोच्या आसपास भरतात आणि त्यांतल्या पुष्कळांच्या दोन्ही टोकांना बेससाठी थरथरणारे पडदे असतात. खालचा पडदा पिंजऱ्याच्या तळाला टेकला की बेस जातो आणि खरखर येते. लोक म्हणतात स्पीकर खराब निघाला. तो खराब नसतो, चुकीच्या जागी कोंबलेला असतो. स्टेमजवळचा (स्टेम म्हणजे हँडलबारला सायकलच्या पुढच्या नळीशी जोडणारा तुकडा) छोटा स्पीकर कानापासून ६०-७० सेंमीवर असतो आणि तो पुरतो.

बेसचा हट्टही सायकलवर सोडावा लागतो. ताशी २५ किमीला कानाशी जो वारा घोंगावतो तो मुख्यतः खालच्या पट्टीतला, आणि गाण्यातला बेस नेमका तिथेच बुडतो. शिवाय घरात भिंती बेसला उचलून धरतात, रस्त्यावर भिंत नाही. गाण्याचे किंवा भाषणाचे शब्द कळतात ते साधारण १ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात. म्हणून बेस वाढवणारं बटण बंद ठेवा आणि फोनच्या इक्वलायझरमध्ये (आवाजाची एकेक पट्टी कमी-जास्त करायची सोय) १५० हर्ट्झच्या खालचं उतरवा. शब्द स्पष्ट होतात आणि बॅटरीही वाचते, कारण छोट्या स्पीकरची ताकद सगळ्यात जास्त बेसच खातो. खोक्यावर लिहिलेले तास मध्यम आवाजाचे असतात. पूर्ण आवाजात त्यांच्या निम्मे मिळाले तरी तक्रार करू नका.

आता पट्ट्याकडे येतो. इथे मी लांबण लावणार आहे.

चार वर्षांपूर्वी एका सायकलस्वाराला मी स्पीकर सुचवला होता. मागे सिलिकॉनचा पट्टा असलेला, वजनाने ३०० ग्रॅमच्या आसपास, पाण्याला पुरून उरणारा. तेव्हा मी सगळ्यांना हेच सांगत असे: पट्ट्याचा घ्या, हँडलबारला गुंडाळा, अवजार लागत नाही, दहा सेकंदांत काढता येतो. मी तो पट्टा ताणून, झटके देऊन पाहिला होता. घरात आणि कोरडा.

त्याची सायकल फ्लॅट, म्हणजे सरळ हँडलबारची होती. असा बार स्टेमपाशी ३१.८ मिमी जाड असतो आणि मुठीकडे निमुळता होत २२.२ मिमीवर येतो. ऐकायला फरक साडेनऊ मिमीचा. पण पट्टा गुंडाळला जातो परिघाला, आणि परिघ १०० मिमीवरून ७० मिमीवर येतो. जाड भागावर करकचून बसलेल्या पट्ट्याला बारीक भागावर ३० मिमी ढील मिळते. वाईहून पाचगणीला चढेपर्यंत काही झालं नाही, कारण चढणीला वेग नसतो आणि हादरेही नसतात. पसरणी घाट उतरताना पाऊस आला. ओलं सिलिकॉन रंगवलेल्या ॲल्युमिनियमवर धरून राहत नाही. दर हादऱ्याला पट्टा थोडा थोडा निमुळत्या भागाकडे सरकत गेला, सैल झाला, आणि स्पीकर स्वतःच्या वजनाने फिरून बारच्या खाली लटकला. हे त्याला दिसलं नाही. उतारावर नजर रस्त्यावर असते, आणि आवाज तर येतच होता. पुढच्या गतिरोधकाला पट्टा हुकमधून सुटला. स्पीकर चाकावर पडला, पट्ट्याचा फासा स्पोकमध्ये गेला, चाकाने त्याला वर ओढत फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या, दांड्यावर नेऊन दाबलं, आणि चाक जाम झालं. तो हँडलवरून पुढे फेकला गेला. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. कॉलरबोन मोडलं. सहा आठवडे हात गळ्यात आणि पुढचे दोन महिने सायकल भिंतीला.

चूक पट्ट्याची होती असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत राहिलो. पट्टा मी बनवलेला नव्हता, खोक्यावर सायकलचं चित्र होतं, पाऊसही मी पाडला नव्हता. हे सगळं खरं आहे. पण मी दिलेला सल्ला एका विशिष्ट बारवर, एका विशिष्ट हवामानात चुकीचा होता आणि त्या दोन्ही गोष्टी मी त्याला विचारल्या नव्हत्या. विचारल्या असत्या तरी तेव्हा मला त्यातलं काही कळलं असतं का, याची खात्री नाही. ३०० ग्रॅमची वस्तू पुढच्या चाकाच्या बरोबर वर टांगतो आहोत, हे वाक्य माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. मी आवाजाच्याच नादात होतो.

तेव्हापासून मी सांगतो, पट्टा वापरायचाच असेल तर तो हँडलबारला नको, स्टेमला बांधा. स्टेमची जाडी सहसा सारखी असते, आणि एका टोकाला बार व दुसऱ्या टोकाला फोर्कची नळी असल्याने पट्ट्याला घसरायला जागाच उरत नाही. खाली जुन्या ट्यूबचा चार-पाच सेंमीचा तुकडा कापून घाला. ओलं रबर ओल्या सिलिकॉनपेक्षा चांगलं धरतं. नटबोल्टचा क्लॅम्प असेल तरी तोच तुकडा घाला आणि पहिल्या ५० किमीनंतर बोल्ट पुन्हा आवळा. कार्बनच्या बारवर क्लॅम्प लावूच नका.

दुसरी गोष्ट सुरक्षा-दोरी, आणि यात मी तडजोड करत नाही. तीन-चार मिमीची विणलेली दोरी घ्या. स्पीकरच्या अंगच्या कडीतून ओवा (पट्ट्याच्या कडीतून नव्हे, कारण सुटतो तो पट्टाच) आणि स्टेमला गाठ मारा. मग स्पीकर मुद्दाम सोडून लटकू द्या. त्याचं खालचं टोक टायरपासून किमान ५ सेंमी वर राहिलं पाहिजे. पुढे सस्पेन्शन असेल तर ते दबल्यावर बार ८०-१०० मिमी खाली येतो, तेवढं अंतर आणखी सोडा. दोरी लांब ठेवलीत तर ती दोरी न बांधल्यापेक्षा वाईट, कारण मग ती स्पीकरला थेट स्पोकपर्यंत पोचवते.

हुकने लटकवायचे स्पीकर बॅगच्या पट्ट्याला ठीक. सायकलवर ते झोके घेतात आणि ब्रेकच्या केबलला आपटतात.

मला स्वतःला आता पटतो तो उपाय पट्टा नाही आणि क्लॅम्पही नाही. स्टेम आणि हँडलच्या कोनात बसणारी, बाटलीच्या आकाराची उघड्या तोंडाची पिशवी मिळते. खाऊ ठेवायला वापरतात ती. ती तीन ठिकाणी बांधली जाते: हँडलला, स्टेमला आणि खाली फोर्कच्या माथ्याला. तिसरा पट्टा लोक सोडून देतात, तो सोडू नका. त्याच्याविना पिशवी डोलते आणि उभं राहून पेडल मारताना गुडघ्याला लागते. आत स्पीकर तोंड वर करून ठेवायचा आणि नाडी ओढायची. सोनीचा एसआरएस-एक्सबी१३ यात नेमका बसतो. ७६ मिमी व्यास, ९५ मिमी उंची, २५३ ग्रॅम, आवाज वरच्या दिशेला आणि कंपनीच्या आकड्याप्रमाणे बॅटरी १६ तास. जेबीएलचा क्लिप ४ (२३९ ग्रॅम, १० तास) आडवा-तिरपा राहतो, पण चालतो. गो ३ हलका आहे, २०९ ग्रॅम, पण ५ तासांचा, म्हणजे सकाळच्या फेरीपुरता. तिघेही आयपी६७ आहेत. नवी मॉडेल येत राहतील. माप, वजन आणि आवाजाची दिशा याच क्रमाने बघा.

आयपी६७ चा अर्थही नीट घ्या. पहिला ६ धुळीचा, म्हणजे आत धूळ जात नाही. दुसरा ७ म्हणजे एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून केलेली चाचणी. जोराच्या धारेची चाचणी वेगळी असते, तिचे आकडे ५ आणि ६. म्हणून सायकल प्रेशर पंपाने धुताना स्पीकर काढून ठेवा. चार्जिंगच्या भोकाला झाकण असेल तर ही सगळी हमी ते घट्ट बंद असतानाचीच. पावसात पॉवर बँक जोडून वाजवलात की हमी संपली. खरा शत्रू पाऊसही नाही, घाम आहे. चढावर कपाळावरचा घाम टपटप स्टेमवरच पडतो आणि त्यातलं मीठ चार्जिंगच्या पिनांवर बसतं. ओल्या पिनांना वीज दिली की त्या हिरव्या-काळ्या पडतात आणि स्पीकर कायमचा जातो. घरी आल्यावर साध्या पाण्याने धुवा, जाळी खाली करून झटका, रात्रभर सुकू द्या आणि मगच चार्जिंगला लावा. पिशवीच्या तळाला पाणी निघायला भोक आहे ना, तेही बघून घ्या. विदर्भात मे महिन्यात उन्हातून आलेला काळा स्पीकर लगेच चार्जिंगला लावू नका, लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते.

फोन जर्सीच्या मागच्या खिशात असला की गाणं तुटतं, तो स्पीकरचा दोष नसतो. ब्लूटूथच्या लहरी पाणी शोषतं आणि मध्ये तुमचं अख्खं शरीर आहे. फोन पुढे घ्या, किंवा मेमरी कार्ड लागणारा स्पीकर घ्या. बटणं उठावदार हवीत, हातमोज्यातून चाचपता येतील अशी. नकाशाच्या सूचना स्पीकरवर घेत असाल तर अगदी हळू आवाजात काहीतरी वाजत ठेवा. शांततेत स्पीकरचा ॲम्प्लिफायर झोपतो आणि "उजवीकडे वळा" मधलं नेमकं "उजवीकडे" खाऊन टाकतो.

आता ज्याबद्दल मला सर्वांत जास्त बोलणी बसतात ते. "तुम्ही लोक सायकलवर गाणी लावून सगळ्यांना त्रास देता." पूर्वी मी यावर सांगायचो, आवाज असला की गाडीवाल्यांना कळतं, उलट सुरक्षित आहे. ते चूक होतं. काच बंद केलेल्या गाडीत तुमचा पाच वॉटचा स्पीकर ऐकू जात नाही, आणि माणसांना सावध करायला घंटी आहे. आता माझ्याकडे एक हिशेब आहे. कान ६० सेंमीवर आणि तिथे ७५ डेसिबल असतील तर दहापट अंतरावर, म्हणजे ६ मीटरवर, २० डेसिबल कमी होऊन ५५ उरतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ च आहे. रात्री १० नंतर ४५ होते, आणि तिथवर उतरायला १९ मीटर लागतात. म्हणजे पहाटे चारला गावातून जाताना, दारं रस्त्याला लागून असताना, माझा हिशेब मलाच दोषी ठरवतो. गावात शिरताना मी आवाज बंद करतो. महामार्गावर चालू ठेवतो, कारण पहाटे तीन-चारला डोळा लागण्याचा धोकाही खरा आहे.

आणि ताम्हिणीसारख्या ठिकाणी? पावसाळ्यात उजाडताना तिथे शीळकरी कस्तूर पक्षी गात असतो. मी तिथे बंद ठेवतो. सोबतच्यांना बंद करा म्हणायचा हक्क मला आहे का, हे ठरलेलं नाही. दोनदा म्हटलंय आणि दोन्ही वेळा नंतर वाटलं की म्हणायला नको होतं. तिसऱ्यांदा गप्प बसलो, तेही आवडलं नाही.

ज्याचं कॉलरबोन मोडलं होतं त्याने मागच्या आठवड्यात पुन्हा विचारलं, आता कुठला घेऊ? त्याला मी अजून नाव सांगितलेलं नाही. स्टेमच्या खालच्या कडेपासून टायरपर्यंतचं अंतर मोजून पाठव म्हटलंय, सस्पेन्शन दाबून. आकडा आला की आधी दोरी कापेन.