आवाज मिसळायला हवा

१७९७, १८१९, १८३३, १८५१, १८६५, १८८९, १९०५, १९२७, १९५५, १९७७, १९९९, २०१९.

या आकड्यांत काही सूत्र सापडतंय का पाहा. मला तरी सापडलं नाही. मधलं अंतर कधी १४ वर्षं, कधी २२, एकदा तर २८. ना ग्रहांची चाल, ना कोणाची जयंती. स्वित्झर्लंडमध्ये लेमाँ सरोवराच्या काठी वेवे नावाचं गाव आहे. तिथला द्राक्षमळेवाल्यांचा उत्सव, फेत दे विन्यरों, ज्या ज्या वर्षी भरला ती ही वर्षं. द्राक्षं दरसाल पिकतात, वाइन दरसाल होते, पण तिचं कौतुक करायला ही माणसं एक पिढी थांबतात. पुढचा उत्सव कधी, ते कॉन्फ्रेरी दे विन्यरों ही तिथली जुनी संस्था ठरवते, आणि तिला कसलीही घाई नसते. शतकाला पाच, हा तिचा आजवरचा वेग.

अशा गावात माणसाचं वय वेगळ्या मापाने मोजावं लागत असणार. १९५५ मध्ये दहा वर्षांची असलेली एखादी मुलगी डोक्यात फुलं माळून नाचली असेल. १९७७ मध्ये बत्तिसाव्या वर्षी ती सोप्रानोत, म्हणजे बायकांच्या वरच्या पट्टीत गायली, १९९९ मध्ये आवाज जरा खाली उतरल्यावर आल्टोत, बायकांच्या खालच्या पट्टीत सरकली आणि २०१९ मध्ये चौऱ्याहत्तराव्या वर्षी प्रेक्षकांत बसून ‘आमच्या वेळी बाई असं नव्हतं’ म्हणाली. चार उत्सव म्हणजे भरलेलं आयुष्य. पाच पाहिलेलं माणूस भेटलं तर वाकून नमस्कारच करावा.

२०१९ मध्ये सरोवराला लागून असलेल्या बाजारचौकात जे तात्पुरतं खुलं प्रेक्षागार बांधलं, त्यात २०,००० माणसांची सोय होती. वेवेची लोकवस्तीही साधारण तेवढीच. म्हणजे सगळं गाव एकदम येऊन बसलं तरी जागा पुरेल, फक्त मग गायचं कोणी? कारण गातं गावच. पाच हजारांहून जास्त माणसं त्या वर्षी रंगमंचावर होती आणि त्यातली बहुतेक सगळी हौशी, वेवेतली आणि आसपासच्या गावांतली. दिवसा नोकरी, शाळा किंवा मळा आणि संध्याकाळी तालीम, असं कित्येक महिने. संगीत रचणारे आणि बसवणारे मात्र व्यावसायिक. दिग्दर्शक दानिएले फिन्झी पास्का यांनी २००६ च्या तोरिनो हिवाळी ऑलिंपिकचा समारोप बसवला होता, तेव्हा थाटाला काही कमी नव्हतं. जमिनीवर एलईडी दिव्यांचा भलाथोरला पडदा अंथरलेला, त्यावर चित्रं उमटताहेत आणि वरून माणसं चालताहेत. मी चित्रफितीत पाहिलं. हजार माणसं एकत्र गात असताना पायाखाली चित्रं हलवायची गरज का पडावी, हे मला कळलेलं नाही. एकूण खर्च दहा कोटी फ्रँकच्या घरात गेला, तिकिटं महाग होती आणि शेवटी हिशोब तोट्यात गेला. १७९७ मध्ये पहिल्यांदा बैठकी बांधल्या तेव्हा त्या २,००० माणसांपुरत्या होत्या. मला ते माप बरं वाटतं.

मी स्वतः वेवेला गेले त्या उन्हाळ्यात उत्सव नव्हताच. एरवी त्या चौकात गाड्या उभ्या असतात. जुलै-ऑगस्टमधल्या शनिवारी सकाळी मात्र गाड्या हटतात, भाजी-चीजच्या टपऱ्या लागतात आणि वाइनही येते. एक पेला विकत घ्यायचा आणि तोच हातात धरून या मळेवाल्याकडून त्या मळेवाल्याकडे चाखत हिंडायचं. चौकाच्या एका अंगाला खांबांवर उभी असलेली ला ग्रनेत ही जुन्या धान्यबाजाराची इमारत आहे. तिच्या सावलीत पंचवीसेक माणसांचा कॉयर उभा होता. वाद्य एकही नाही.

दुसऱ्या रांगेत जाड भिंगांचा चष्मा लावलेले एक आजोबा बासमध्ये, म्हणजे पुरुषांच्या खालच्या पट्टीत गात होते. एका लांब ओळीच्या ऐन मधोमध, शब्द अर्धा असताना, ते गप्प झाले. मला वाटलं विसरले. पण खांदा न हलवता त्यांनी श्वास घेतला आणि मघाच्याच सुरात, मघापेक्षा हलक्या आवाजात, परत आत शिरले. चार मात्रांनी शेजारच्या तरुणाने तेच केलं. मग टोकाच्या जाड्या गृहस्थाने. ओळ कुठेच तुटली नाही. सगळ्यांनी ओळीच्या शेवटी मिळून श्वास घेतला तर गाण्याला खिंडार पडतं, म्हणून तो आळीपाळीने चोरायचा आणि चोरताना शेजाऱ्याच्या वेळेत चोरायचा नाही, अशी त्यामागची तडजोड. एकट्या माणसाला जो सूर मिनिटभर धरणं जवळजवळ अशक्य, तो पंचवीस जण हवा तितका वेळ धरून ठेवतात. त्या दिवसापासून मी कुठलाही कॉयर ऐकताना आधी श्वास कोण चोरतंय ते बघते आणि गाणं निम्मं तिथेच जातं.

वृंदगानावर माझा जीव आहे, त्याला कारण स्वार्थी आहे. माझ्या आवाजाला एकट्याने घराबाहेर पडायची सवय नाही. चार जणांत मात्र तो बरा वागतो. कॉयर शिकवणारे पहिल्या दिवशीच सांगतात, शेजारचा ऐकू येत नसेल तर तुम्ही जोरात गाताय. आमच्या कानांना गायकाचा आवाज ओळखायची सवय. दोन स्वरांत नाव सांगणारे महाभाग आपल्याकडे घरोघर असतात. इथे उलट आहे. ज्याचा आवाज वेगळा ओळखू आला त्याला हात दाखवून दाबतात. शिवाय सगळे एकच चाल गात नाहीत. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास, चौघांची वाट वेगळी, आणि टेनरची, म्हणजे पुरुषांच्या वरच्या पट्टीची ओळ एकटी काढून गायली तर कित्येकदा ती चाल म्हणायच्याही लायकीची नसते. मधेच एका सुरावर अडून बसते, मग उगाच एक पायरी चढते. बाकी तिघं सोबत आली की त्या अडून बसण्याचा अर्थ लागतो.

उघड्यावर हजारो माणसांनी गायचं तर आणखी एक पंचाईत. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. प्रेक्षागाराच्या समोरच्या टोकाला, शंभर मीटरवर उभा असलेला बास गायला की त्याचा सूर इकडे पोचायला सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा लागतो. द्रुत गाण्यात तेवढ्यात पुढचा शब्द येऊन उभा राहतो. कानावर विसंबून गाणारे सगळेच मागे मागे पडत जातात. तेव्हा कान मिटून डोळ्यांनी गायचं, संचालकाच्या हाताकडे बघून. शेजाऱ्याचं ऐका म्हणून ज्यांना वर्षभर बजावलं त्यांनाच आता ऐकू नका म्हणायचं!

आता वाइन. वेवेच्या पश्चिमेला सरोवराच्या काठाने लावोचे मळे लागतात. बाराव्या शतकाच्या सुमाराला मठांतल्या साधूंनी हे उतार फोडून पायऱ्या पाडल्या. दगडी भिंतींची लांबी मोजली तर शेकडो किलोमीटर भरते, आणि २००७ मध्ये युनेस्कोने हा सगळा उतार जागतिक वारसा म्हणून नोंदला. तिथले लोक तीन सूर्य सांगतात. एक आकाशातला, दुसरा सरोवरातून उलटून येणारा, तिसरा दिवसभर तापून रात्री ऊब सोडणाऱ्या भिंतींतला. उतार इतका खडा की ट्रॅक्टरची मात्रा चालत नाही. काही ठिकाणी एका रुळावरून एक चिमुकली गाडी दात्यांवर कण्हत वर चढते आणि द्राक्षांचे क्रेट घेऊन खाली येते. बाकी सगळं माणसाच्या पाठीवर.

मळ्यांत मुख्यतः शासला. पांढऱ्या वाइनचं द्राक्ष. ती वाइन तोंडात घेतली की पहिल्या घोटाला वाटतं, यात आहे काय? वास मंद, आंबटपणा बेताचा, धिटाई अजिबात नाही. दुसऱ्या घोटाला कळायला लागतं की ती स्वतः मागे राहते आणि जमीन पुढे करते. एका भिंतीवरची आणि चार भिंती खालची, चव निराळी. जाणकार त्यावर तासभर बोलतात, मी दहा मिनिटं ऐकलं. पण कॉयरमधला आदर्श आल्टो हाच, याबद्दल माझी खात्री झाली. स्विस वाइन जेमतेम एक-दोन टक्के देशाबाहेर जाते, बाकीची तिथेच संपते. मागवतानाही ती डेसीने मागवतात, म्हणजे शंभर मिलिलिटरच्या हिशोबाने. दोघांत तीन डेसी, पेले छोटे. घराखालच्या तळघरातल्या बैठकीला तिकडे कार्नोत्से म्हणतात. तिथे टेबलाभोवती सात-आठ जण कोंबून बसतात, आणि कोणीतरी गुणगुणायला लागलं की दुसरा मुकाट्याने खालचा सूर धरतो.

हे सगळं गोड आहे, म्हणून एक कडू गोष्ट सांगायला हवी. कॉन्फ्रेरी ही मुळात मळेमालकांची संस्था. मळा एकाचा, राबणारा दुसरा. मालक गावात राहणार, तेव्हा काम नीट होतंय का हे बघायला संस्थेने जाणकार नेमले. ते मळ्यामळ्यांतून फिरत. छाटणी कशी झाली, तण काढलं का, भिंत कुठे ढासळली, हे बघत आणि कामकऱ्याला गुण देत. ही पद्धत अजून चालू आहे. दर तीन वर्षांनी पदकं वाटली जातात आणि उत्सवाच्या वर्षी सर्वांत चांगलं काम करणाऱ्यांच्या डोक्यावर मुकुट चढतो. म्हणजे २०१६ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलेल्या या सोहळ्याच्या मुळाशी, मालकांनी मजुरांना दिलेलं प्रगतिपुस्तक आहे. पूर्वी गावातून निघणाऱ्या साध्या मिरवणुकीत हा सन्मान व्हायचा. मिरवणुकीला गाणं चिकटलं, गाण्याला नाच, नाचाला बैठकी, आणि आज लाखो माणसं येतात ती गाण्यासाठी. मालक कोण होते हे कोणाच्या लक्षातही नसेल. सूड म्हणायचा तर हा फार सुरेल सूड आहे.

आणि गंमत अशी की या वृंदगानाच्या उत्सवात लोक ज्या क्षणाची वाट बघतात तो एकट्याने गायचा असतो. राँ दे वाश, गुराख्यांचं गाणं. तेही वेवेचं नाही, शेजारच्या फ्रिबूर प्रांतातल्या ग्रुयेरचं, तिथल्या बोलीतलं. वेवे ज्या प्रांतात आहे तो वो १५३६ पासून प्रोटेस्टंट, ग्रुयेर पक्कं कॅथलिक. वाइनवाल्यांच्या घरच्या कार्याला चीजवाले येतात आणि रडवून जातात. १८१९ पासून हे गाणं उत्सवात आहे. गायीला हाक मारायचा ‘ल्योबा’ हा पुकार त्यात लांबवून लांबवून गातात. रूसोने १७६८ च्या आपल्या संगीतकोशात लिहून ठेवलंय की परदेशी चाकरीतल्या स्विस शिपायांपुढे हे वाजवायला मनाई होती, शिक्षा मृत्यूची, कारण ऐकून ते रडत, पळून जात किंवा झुरून मरत. रूसो तिखटमीठ लावणाऱ्यांपैकी होता, हे धरून चालू.

१९७७ मध्ये बेर्नार रोमानेन्स या फ्रिबूरच्या गड्याने ते गायलं आणि अजून लोक त्याचं नाव काढतात. त्याचं ध्वनिमुद्रण ऐकलं तर आवाजात कमावलेपणा कुठेच नाही. हाक मारायच्या सवयीचा आवाज आहे. २०१९ मध्ये मात्र एकट्याऐवजी अकरा जणांना उभं केलं. पुष्कळांनी नाकं मुरडली. मला आनंद झाला, माझा पक्ष उघड आहे. तसंही ‘ल्योबा’ आलं की आख्खं प्रेक्षागार उठून गाऊ लागतं, एकट्याचं गाणं तिथे संपतंच.

पण हजारो लोक डोळे पुसत जे ऐकतात, ते गाणं आहे कशाबद्दल? कोलोंबेतचे गुराखी पहाटे उठून निघतात आणि पाण्यापाशी अडतात. प्येरला पाद्र्याकडे पाठवतात, आम्ही पार व्हावं म्हणून प्रार्थना करा म्हणून. पाद्री म्हणतो, करतो, पण मला चीज हवं आणि दुधाची साय काढलेली नको. प्येर म्हणतो, तुमच्या मोलकरणीला पाठवा, चांगलं जाड चीज देतो. पाद्री म्हणतो, नको रे बाबा, ती फार देखणी आहे, तुम्ही ठेवून घ्याल. प्येर म्हणतो, घाबरू नका, एवढे काही आम्ही भुकेलेलो नाही. आणि देवळाची वस्तू उचलली तर माफी कोण देणार? शेवटी पाद्री नमतो, गुरं पार होतात, आणि दूध असं लोटतं की निम्म्या गायी पिळून व्हायच्या आतच कढईत विरजण घालायची वेळ येते.

कडवी एकोणीस. समारंभात त्यातली मोजकीच गातात, रडायला तेवढी पुरतात. पाद्री आणि मोलकरणीची बहुधा गाळलीच जातात. मला सगळी ऐकायची आहेत, चारही आवाजांत, एखाद्या कार्नोत्सेत बसून. तीन डेसींत ते काम होणार नाही.