लाल फुली

एप्रिलच्या त्या सकाळी टांझानियातल्या दार-एस-सलाममध्ये रात्रभर पाऊस पडून गेला होता आणि फायरच्या थांब्यावर कळले की म्सिंबाझी नदी जांगवानीपाशी रस्त्यावर आल्याने म्वेंडोकासी बंद आहे. म्वेंडोकासी म्हणजे इथली स्वतंत्र मार्गिकेतून धावणारी बस. मी वाट वाकडी करून, निम्मे अंतर बजाजीने आणि उरलेले चिखलातून चालत, दीड तास उशिरा उबुंगोच्या कचेरीत पोहोचले, ती चिडूनच. (इथे रिक्षेला बजाजीच म्हणतात, आणि पुण्याच्या माणसाला ते ऐकून अजूनही बरे वाटते.)

कचेरीत साफसफाई करणाऱ्या मामा दुपारी आल्या. स्वाहिलीत मामा म्हणजे आई. वयाने मोठ्या बाईला सगळे अशीच हाक मारतात. त्यांचे घर किगोगोच्या बाजूला, त्याच नदीच्या खोऱ्यात आहे. रात्री घरात गुडघाभर पाणी शिरल्यामुळे नातवंडांना शेजारच्या उंच ओट्यावर बसवून त्या पहाटेपर्यंत उभ्या होत्या. मला सकाळी त्रास झाल्याचे कोणीतरी त्यांना सांगितले असावे, कारण आल्या आल्या त्याच मला म्हणाल्या, “पोले साना.” कोणाला ठेच लागली तरी आणि कोणाचे माणूस गेले तरी इथे सांत्वनाचा हाच शब्द वापरतात. मला उत्तर सुचले नाही.

त्यांच्या घराच्या भिंतीवर लाल रंगाची मोठी फुली आहे. पाडायच्या घरावर इथे अशी फुली मारतात. 2011 च्या डिसेंबरात मोठा पूर आला, तेव्हा खोऱ्यातील कुटुंबांना शहराच्या उत्तरेला माब्वेपांडे येथे भूखंड देण्यात आले होते. मामाही तिकडे गेल्या आणि वर्षभराने परतल्या, कारण जमीन तिकडे आणि धुण्याभांड्यांची कामे इकडे होती, आणि मिळकतीचा मोठा भाग प्रवासभाड्यातच संपत होता. त्यांना बेकायदा राहणाऱ्या म्हणणे सोपे आहे. मीही पहिल्या वर्षी तसेच म्हणत असे.

1967 मध्ये या शहरात पावणेतीन लाखांच्या आसपास माणसे होती. 2012 च्या जनगणनेत ती सुमारे 43 लाख 60 हजार झाली आणि 2022 मध्ये 53 लाख 80 हजारांवर गेली. इतकी माणसे येतात, कारण इथे आल्याने त्यांचे खरोखर भले होते. मामांनी लिंडीकडच्या गावातून येऊन तीन मुले शिकवली आणि धाकटी आज परिचारिका आहे. गावी राहून हे घडले नसते, असे त्या ठामपणे सांगतात. मात्र नव्याने येणाऱ्याला परवडेल अशा भाड्याची जागा कामाजवळ कोणी बांधली नाही. कामापासून चालत जाण्याच्या अंतरावर त्यांच्यासाठी उरले ते नदीचे पात्रच.

आता बसविषयी. किमारा या उपनगरापासून शहरमध्यातील पोस्तापर्यंतचा प्रवास डालाडालातून, म्हणजे खासगी मिनीबसमधून, दोन तास खात असे, तो म्वेंडोकासीमुळे पाऊण तासावर आला, असे सहकारी सांगतात. आपल्या पुण्याने हाच प्रयोग 2006 मध्ये, म्हणजे दार-एस-सलामच्या दहा वर्षे आधी केला, हे मी इथे अनेकदा अभिमानाने सांगितले आहे. पण पुण्यातील मार्गिका ठिकठिकाणी उखडल्या गेल्या आणि इथे विस्तार चालू आहे, हे सांगताना माझा आवाज खाली येतो. तरीही एक गोष्ट मला पटत नाही. या बसचे आगार जांगवानीला, म्हणजे त्याच पूरमैदानात बांधले गेले आणि पुरात बसगाड्याही बुडाल्या. आगार आणि मामांची खोली एकाच खोऱ्यात उभी आहेत. एकाला प्रकल्प म्हणतात आणि दुसरीला अतिक्रमण. जागतिक बँकेच्या कर्जातून आता जे काम हाती घेतले आहे, त्यात उंच पूल, आगाराचे स्थलांतर आणि खोऱ्यात उद्यान अशा तीनही गोष्टी आहेत, आणि त्या व्हाव्यात असे मला मनापासून वाटते. फक्त मामांना मोबदल्यात पैसे मिळतील त्याबरोबर कामाजवळ छप्परही मिळावे.

परवा त्यांनी विचारले, तुमच्या गावीही भिंतीवर अशी फुली मारतात का? मी म्हणाले, आमच्या इमारतीवर कधी मारली नाही. ते खरेच आहे. अरण्येश्वरचे आमचे घर मंजूर नकाशा पाहून, वकिलाकडून कागद तपासून घेतलेले आहे. आम्ही कोणाची जागा बळकावली नाही. पण 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबील ओढा आमच्या वाहनतळात शिरला आणि शेजारच्या टांगेवाले कॉलनीत माणसे गेली. ओढ्याकडची आमची संरक्षक भिंत बिल्डरने जिथे घातली आहे, तिथे आईच्या लहानपणी पाणी वाहत असे, हे तिनेच मला पूर्वी कधीतरी सांगितले होते.

मामांना मी ते सांगितले. त्यांनी आईची खुशाली विचारली आणि पुन्हा म्हणाल्या, “पोले साना.”