तुम्ही विचारलंत म्हणून : दरवर्षी ती यादीच का?

नाताळच्या आधी आमच्या वाडीत घरोघरी प्रार्थना होते आणि वचनावर दोन शब्द बोलायची एक पाळी माझ्याकडे येतेच. मग चहाच्या वेळी कुणीतरी म्हणतं, "गोठा आहे, मेंढपाळ आहेत, तारा आहे. तुम्ही दरवर्षी ती नावांची यादीच का काढता?" यंदा फादरांनीही विचारलं, हसत हसत. "१७ डिसेंबरच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, मत्तयच्या शुभवर्तमानातली येशूची वंशावळीच वाचतात" असं सांगून मी इतकी वर्षं वेळ मारून नेली. ते खरं आहे, पण ते उत्तर नव्हे.

आमची मुलगी दत्तक आहे, हे तुम्ही सगळे जाणता. जाणत नसाल ते एवढंच, की १९९८ साली ती घरी आली तेव्हा कायद्याने ती दत्तकसुद्धा नव्हती. १९५६ चा हिंदू दत्तक कायदा आपल्या ख्रिस्ती लोकांना लागू नाही. आपल्या वाट्याला १८९० चा पालकत्वाचा कायदा. कोर्टाच्या कागदावर मी बाप नव्हतो, पालक होतो, तोही ती सज्ञान होईपर्यंत. चर्चच्या कायद्याचं ११० वं कलम सांगतं, की नागरी कायद्याप्रमाणे दत्तक घेतलेलं मूल त्याच आईबापांचं मानावं. वा! आणि नागरी कायद्यात आमच्यासाठी दारच नव्हतं. ते नीट उघडलं बाल न्याय कायद्यात २००६ साली झालेल्या दुरुस्तीनंतर.

कागदाचं मला फार वाटलं नाही. वाटलं ते २०१२ च्या मे महिन्यात.

आमच्या कुळाचा मेळावा होता. माझ्या थोरल्या चुलतभावाने दोन वर्षं बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या चाळून अख्खं कुळ कागदावर आणलं होतं. सहा कार्डशीट एकमेकांना चिकटवलेल्या, काळं स्केचपेन, प्रत्येक नावाला चौकट, बापापासून मुलापर्यंत पट्टीने मारलेली रेघ. हॉलमध्ये लोक आपापली चौकट शोधत होते, फोटो काढत होते. मुलगी तेव्हा चौदा वर्षांची. तिने पणजोबांच्या चौकटीवर बोट ठेवलं आणि खाली येत राहिली. आजोबा, मग मी. माझ्या नावाखालची रेघ ठिपक्याठिपक्यांची होती.

"पप्पा, इथे पेन संपलं होतं का?"

मी म्हटलं, "हो."

भावाला मी दुष्ट म्हणणार नाही. नंतर कुणीतरी विषय काढला तेव्हा तो म्हणाला, "नोंद खरी पाहिजे." मीही मान डोलावली. घरी येताना माझं मलाच पटवून झालं, की आनंदाच्या दिवशी तमाशा नको, पोरीला कळलं नाहीये, भावाने दोन वर्षं खपून केलंय. आज त्या माणसाला, म्हणजे तेव्हाच्या मलाच, मी विचारतो, तमाशा झाला असता म्हणजे नक्की काय झालं असतं? एक स्केचपेन मागायचं होतं.

त्या डिसेंबरात मी पहिल्यांदा ती यादी नीट वाचली. इतका वेळ अमक्याला तमका झाला, तमक्याला ढमका झाला, अशी गाडी सरळ चालते. याकोबाला योसेफ झाला. पुढे योसेफाला येशू झाला, असं मत्तय लिहीत नाही. लिहितो, योसेफ, मरीयेचा पती, आणि येशू तिच्यापासून जन्मला. म्हणजे अब्राहामापासून ओढत आणलेली रेघ शेवटच्या वितीला सुटते. ते त्याला ठाऊक होतं, तरी यादी त्याने योसेफाच्याच घरातून नेली. पुढे देवदूत योसेफाला सांगतो, मुलाचं नाव तू ठेव. तो ठेवतो. नाव ठेवलं की मूल आपलं म्हटलं. आणि "नोंद खरी पाहिजे" म्हणणाऱ्यांनी आधी मत्तयची वही तपासावी. चौदा-चौदा-चौदा पिढ्या म्हणतो, शेवटच्या गटात मोजली तर तेराच भरतात. योराम आणि उज्जीया यांच्यामधले तीन राजे गाळलेत. शलमोनाच्या आईला तर नुसतं उरीयाची बायको म्हटलंय, तिचं नावही घेतलेलं नाही.

हे मी वाडीत जोरात बोलतो, ते तुम्ही ऐकलंय. आता जे बोलत नाही ते. लूकच्या शुभवर्तमानातही येशूची वंशावळी आहे आणि तो सुरुवातीलाच लिहितो, लोक समजत होते त्याप्रमाणे योसेफाचा पुत्र. ही ठिपक्यांची रेघ नाही तर काय? तेही शुभवर्तमानच. म्हणून मी मत्तय काढतो आणि लूकचं पान पुढे सारतो, हे कबूल. पोप फ्रान्सिस यांनी २०२० साली योसेफावर पत्र काढलं, त्यात बाप जन्मत नाही, घडतो, असं वाक्य आहे. बायकोने ते फ्रीजवर लावलंय. घडतो हे ठीक, पण त्या दिवशी हॉलमध्ये मी घडलो नाही. योसेफाचा एकही शब्द शुभवर्तमानात नाही, त्याच्या मौनावर सुंदर प्रवचनं होतात. माझ्या गप्प बसण्याला ते नाव देऊ नका.

दोन वर्षांपूर्वी प्रार्थनेहून परतताना, टॉर्चच्या उजेडात बांधावरून चालताना मुलगी सहज म्हणाली, "पेन संपलं की रेघ फिकी होत जाते, पप्पा. ठिपके मोजून काढावे लागतात."

मला तेव्हाही काही बोलता आलं नाही.

यंदा ती म्हणते, लूक काढा. त्यात सत्तरच्या वर नावं आहेत. चहा जरा उशिरा ठेवा.