ट्रॉफी मिळाली त्या दिवशीची चिठ्ठी

मी फिजिशियन. गेली सात-आठ वर्षं पेशंटला कळेल अशा भाषेत आजारांवर लिहितोय. सुरुवातीला कॉलीग लोक "लेखक आले, लेखक आले" करून चिडवायचे, मग त्यांचेच पेशंट माझ्या लेखाची झेरॉक्स घेऊन त्यांच्याकडे जायला लागले तेव्हा चिडवणं कमी झालं. भाषणाची आमंत्रणं आली, एका संग्रहात दोन लेख गेले, वाचकांची पत्रं तर खूपच (त्यातली निम्मी "मी अमुक गोळी घेतो, चालू ठेवू का?" अशीच). आणि त्या दिवशी संध्याकाळी सहाला आरोग्यविषयक लेखनाचा एक पुरस्कार घ्यायला जायचं होतं, इस्त्री केलेला शर्ट केबिनमध्ये लटकवून ठेवला होता.

१०.४० ला कॅज्युअल्टीतून फोन, लकव्याचा पेशंट. साठीच्या आसपासचे गृहस्थ, उजवा हात-पाय लुळा, तोंड वाकडं, शब्द फुटत नव्हता. सोबत बायको आणि दीर. त्या बाईंनी काही विचारायच्या आत माझ्या हातात चिठ्ठी दिली. त्यावर लिहिलेलं: तोंड - वाकडं, हात - उचलत नाही, बोलणं - नाही, वेळ - ९.५०. खाली, अ‍ॅस्पिरिन दिलेली नाही, पाणी पाजलेलं नाही.

मी दोन सेकंद चिठ्ठीकडेच बघत राहिलो कारण हा क्रम माझ्याच लेखातला होता, अगदी अ‍ॅस्पिरिनसकट! दीर गोळी द्यायला निघाले होते, बाईंनी हात धरला म्हणे. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलीय की मेंदूत रक्तस्राव झालाय हे सीटी केल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही, आणि रक्तस्राव असेल तर तीच गोळी महागात पडते. सिस्टर म्हणाल्या, "अहो, तुम्ही ज्यांचा लेख वाचला ते हेच डॉक्टर." बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही? मला वाटलं चांगले वयस्कर असाल."

खोटं कशाला बोलू, छाती फुगली. आणि पुढच्याच मिनिटाला फुस्स झाली.

साखर तपासली (ती फार उतरली तरी असंच चित्र दिसू शकतं), नॉर्मल होती. लकवा किती तीव्र आहे याचं ग्रेडिंग केलं, स्कोअर ११ (आकडा जितका जास्त तितकं वाईट). सीटीला पाठवता पाठवता विचारलं, "ताई, ९.५० ला काय झालं?" तर म्हणाल्या, "काही झालं नाही, मी बाहेरून घरी आले तेव्हा हे असे खुर्चीत बसलेले दिसले."

"आणि त्याआधी ठणठणीत कधी पाहिलं होतं?"

"सव्वासातला, मी निघाले तेव्हा."

म्हणजे घड्याळ ९.५० ला नाही, ७.१५ ला सुरू झालेलं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आधी तीनच तासांच्या आत देता यायचं, ज्या अभ्यासातून हे ठरलं तो १९९५ चा, मग २००८ मध्ये युरोपातल्या अभ्यासानंतर मर्यादा साडेचार तासांवर आली. पण हे तास मोजायचे पेशंट शेवटचा नीट होता तिथपासून, दिसलं तेव्हापासून नाही. ९.५० धरलं तर २.२० पर्यंत निवांत, ७.१५ धरलं तर ११.४५ ला दार बंद. आणि मी लेखात काय लिहिलं होतं? "लक्षण दिसताच घड्याळ बघा आणि वेळ लिहून ठेवा." बाईंनी तंतोतंत पाळलं होतं, चूक माझ्या वाक्यात होती.

सीटीत ब्लीड नाही. पण बीपी २०४/११२, आणि १८५/११० च्या खाली आणल्याशिवाय इंजेक्शन देता येत नाही. बीपीचं औषध शिरेतून चालू केलं, पाच-पाच मिनिटांनी मोजतोय, ११.२५ झाले तरी १९४ च. माझे तळहात ओले. तेवढ्यात आमच्या आरएमओला, म्हणजे ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरला, सुचलं (मला नाही, तिला), तिने बाईंना विचारलं, काकांचा मोबाईल आणलाय का? पर्समध्येच होता. कॉल लिस्ट उघडली तर ८.०५ चा कॉल, चार मिनिटांचा, त्यांच्या मित्राला. मित्राला लगेच फोन लावला, "बोलण्यात अडखळत होते का?" "छे हो, नेहमीसारखं डोकं खाल्लं माझं."

त्या डोकं खाण्याने आम्हाला जवळजवळ एक तास मिळाला. ११.४५ चे १२.३५ झाले.

बीपी १७८ वर आलं आणि ११.५२ ला इंजेक्शन सुरू झालं. वजन ७० किलो, किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, म्हणजे ६३ मिलिग्रॅम, त्यातला दहावा भाग एकदम आणि बाकीचं तासाभरात. दवाखान्यात आल्यापासून ६० मिनिटांत सुई लागावी असं टार्गेट असतं, आम्हाला ७२ लागली, यात मिरवण्यासारखं काही नाही. मग दर पंधरा मिनिटांनी तपासणी. तीनच्या सुमारास उजव्या हाताची बोटं हलली, पाचला बायकोला नावाने हाक मारली, जरा जड जिभेने.

कार्यक्रमाला अर्धा तास उशिरा पोचलो. ट्रॉफी घेतली, कोणीतरी म्हणालं "यांचा शब्द न् शब्द तोलून मापून असतो", आणि मला लेखातलं ते एकच वाक्य टोचत होतं.

रात्री परत आयसीयूत गेलो. स्कोअर ४. बाहेर बाकड्यावर बाई बसलेल्या, मी त्यांना सरळ सांगितलं की लेखात माझी चूक झालीय, दिसल्याची वेळ नाही, शेवटचं नीट पाहिल्याची वेळ लिहायला हवी होती. त्यांनी ट्रॉफीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मग दुरुस्त करा की."

कार्यक्रमपत्रिकेच्या मागे लिहिलं: पेशंटला शेवटचं नीट कधी पाहिलं ती वेळ आधी लिहा. त्यांना वाचायला दिलं. चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "पाहिलं किंवा बोललं, असं करा. आणि फोन बघा हे पण टाका खाली."