आमची वाटचाल: वाफेचा मीटर आणि कार्बनचा बाजार

गोव्यात फोंड्याच्या आमच्या गाळ्यात आजही सुरुवातीचंच काम चालतं: बॉयलरवर वाफेचे मीटर बसवायचे, तपासायचे, कॅलिब्रेट करायचे, म्हणजे प्रमाण मापाशी ताडून बरोबर करायचे. कार्बनचं काम त्यातूनच आलं. १६ फेब्रुवारी २००५ ला उत्सर्जन कमी करण्याचा आंतरराष्ट्रीय क्योटो करार लागू झाला आणि फर्नेस ऑइलऐवजी ब्रिकेट (शेतातल्या कचऱ्याच्या दाबून केलेल्या कांड्या) जाळली तर टळलेल्या प्रत्येक टन कार्बन डायऑक्साइडला युरोपात गिऱ्हाईक मिळू लागलं. पण वाफ किती झाली हे आधी सिद्ध करावं लागे. तो पुरावा आमच्या मीटरमध्ये होता.

ताशी तीन टन वाफेचा, वर्षाला ९०० टन फर्नेस ऑइल जाळणारा बॉयलर घ्या. टनामागे ४०.४ गिगाज्यूल उष्णता, टेराज्यूलमागे (हजार गिगाज्यूल) ७७.४ टन उत्सर्जन. म्हणजे वर्षाला सुमारे २८०० टन. ब्रिकेटवर गेल्यावर पंखे आणि कन्व्हेयर जी जास्तीची वीज खातात, ती यातून वजा. २००८ च्या मध्यात एका सीईआरला (क्योटो करारातलं क्रेडिट, टळलेल्या एका टनाला एक) वीस युरोंवर भाव होता, तेव्हा हे वर्षाला पन्नास हजार युरोंच्या पुढचं काम होतं.

आमचे सगळ्यात जुने ग्राहक डिचोलीचे एक काजू कारखानदार, आमचे भाई. त्यांनाही क्रेडिट हवं होतं. आम्ही नाही म्हटलं, कारण त्यांचा बॉयलर पहिल्यापासून काजूच्या टरफलांवरच चालत होता. जे आधीपासून होत आहे त्याला क्रेडिट नाही, हा या बाजाराचा पाया आहे. भाई रागावले नाहीत. उलट मीटरचं वर्षाचं काम आमच्याकडेच ठेवलं आणि कुंडई औद्योगिक वसाहतीतले दोन कारखाने आमच्याकडे पाठवले.

त्याच सुमाराला बाहेरून एक सल्लागार आला. ‘आधी पैसे नकोत, क्रेडिट आलं की वाटा द्या’ असं सांगून त्याने आमची तीन कामं नेली. मीटर त्याने कोपरापाइपला चिकटून बसवले. मीटरच्या आधी पाइपच्या व्यासाच्या दहा ते वीस पट आणि नंतर पाच पट सरळ लांबी लागते. चार इंची पाइपला एक ते दोन मीटर. ती नसली तर प्रवाह गरगरतो आणि आकडा खोटा येतो. ऑरिफिस मीटरच्या (भोकाच्या चकतीने प्रवाह मोजणारा) इम्पल्स लाइनमध्ये, म्हणजे दाब पोचवणाऱ्या बारीक नळीत, अडकलेली हवा कोणी काढली नाही, त्यामुळे शून्यच सरकलेलं. लॉगबुकात रोज तीच ५८ टन वाफ लिहिलेली, चवथीच्या दिवशीसुद्धा! कारखाना बंद, वीजबिलात फक्त दिव्यांचा वापर, वजनकाट्याची एकही पावती नाही. व्हेरिफायर, म्हणजे क्रेडिट मिळण्याआधी नोंदी पडताळणारा, हे तिन्ही कागद शेजारी ठेवूनच बसतो. क्रेडिटची मागणी मागे घ्यावी लागली. पुढे वसाहतीत कार्बनचं नाव काढलं की लोक आमच्याकडेही त्याच नजरेने बघायचे, आणि ते आजही खुपतं.

नंतर २०१२ आलं आणि क्रेडिटचा भाव बुडाला. खरं तर इशारा २००६ मध्येच मिळाला होता. युरोपने आपल्या कार्बन बाजाराच्या पहिल्या टप्प्यात (२००५ ते २००७) कारखान्यांना उत्सर्जनाचे परवाने गरजेपेक्षा जास्त वाटले होते. एप्रिल २००६ मध्ये प्रत्यक्ष उत्सर्जनाचे आकडे बाहेर आले आणि भाव कोसळला. ते परवाने पुढच्या टप्प्यात नेता येत नव्हते, म्हणून शेवटी त्यांची किंमत जवळपास शून्य झाली. २००८ च्या मंदीत कारखाने कमी चालले आणि परवाने पुन्हा उरले. त्यात परवान्यांऐवजी चालणारी, एचएफसी-२३ (शीतकरणाचा वायू बनवताना निघणारा वायू) जाळणाऱ्या प्रकल्पांची क्रेडिटं ओतली जात होती. त्या वायूचा एक टन म्हणजे ११,७०० टन कार्बन डायऑक्साइड धरला जायचा. २०१२ संपल्यानंतर नोंदणी झालेल्या आपल्यासारख्या देशांतल्या नव्या प्रकल्पांना युरोपने दारही बंद केलं. वर्षअखेरीस सीईआर एक युरोच्या खाली होता. २८०० टनांच्या विक्रीतून व्हेरिफिकेशनची फीसुद्धा निघेना.

स्पर्धेपायी तोवर आम्हीही फी क्रेडिटच्या वाट्यावर घ्यायला लागलो होतो. कागद पुरे झाले, वसुली शून्य. दोन पगार थकले, एक गाळा सोडावा लागला. तग धरला तो भाईंच्या आणि तशा इतर ग्राहकांच्या कॅलिब्रेशनच्या बिलांवर. नव्याने या धंद्यात येणाऱ्यांनी फी कामाची घ्यावी, क्रेडिटची नव्हे. आणि कॅलिब्रेशनची तारीख चुकवू नये. उशीर झाला की मधल्या सगळ्या काळावर मीटरची कमाल चूक आपल्या विरुद्ध लावतात. आठ महिन्यांना दोन टक्के म्हणजे वरच्या बॉयलरचे ३७ टन गेले.

मधली वर्षं मीटरवरच गेली. आता बाजार वेगळा आहे. युरोपने २०१९ पासून जादा परवाने राखीव साठ्यात ओढायला सुरुवात केली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये भाव टनाला शंभर युरोंना भिडला. आपल्याकडे २८ जून २०२३ ला कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना अधिसूचित झाली. युरोपात एकूण उत्सर्जनावर कमाल मर्यादा असते, तर इथे उत्पादनाच्या टनामागे उत्सर्जनाचं लक्ष्य असतं. लक्ष्य ०.९०, प्रत्यक्षात ०.८७ आणि उत्पादन एक लाख टन असेल तर ३००० प्रमाणपत्रं मिळतात; लक्ष्य चुकलं तर ती विकत घ्यावी लागतात. उत्पादन वाढलं तर एकूण धूर वाढूही शकतो. ही या रचनेतली उणीव आहे असं आमचं मत.

युरोपला जाणाऱ्या पिग आयर्नवर (भट्टीतून निघणारं कच्चं लोखंड) १ जानेवारी २०२६ पासून सीमेवरचा कार्बनभार, म्हणजे ते बनवताना झालेल्या उत्सर्जनावरचा आकार, आहे. तिकडचे मोफत परवाने जसे कमी होतील तसा तो चढेल: २०२६ साठी अडीच टक्के, २०३४ मध्ये पूर्ण. टन लोखंडाला ६०० किलो कोक (भाजलेला दगडी कोळसा), त्यात ८५ टक्के कार्बन धरला तर ५१० किलो, गुणिले ३.६६४ (कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होताना वजन इतक्या पट होतं), म्हणजे १.८७ टन. लोखंडातच राहिलेला चार टक्के कार्बन वजा केला की १.७२. चुनखडीचं उत्सर्जन यात मिळवायचं, आणि भट्टीचा वायू शेजारच्या वीजघराला जात असेल तर त्याचा हिशेब वेगळा.

यात सगळ्यात मोठी चूक होते ती पावसात. जून ते सप्टेंबर उघड्यावरचा कोक पाणी पितो. दहा टक्के ओलाव्याचा कोक कोरडा म्हणून मोजला तर टन लोखंडामागे १८७ किलो उत्सर्जन फुकट अंगावर येतं. नमुना ढिगाच्या वरून उचलू नका, मधून घ्या. पिशवी लगेच बांधा. १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवा आणि वजनकाट्याच्या पावतीवर त्याच दिवशी ओलावा लिहा. यंदाच्या पावसाआधी आम्ही तीन यार्डांत ओव्हन आणि काटा बसवून देत आहोत.