बेळगावची गाडी, पुण्याचा कर

आजची सुटी भाच्याच्या गाडीचे कागद चाळण्यात गेली. बेळगावात घेतलेली त्याची 'केए २२' क्रमांकाची गाडी हिंजवडीतील नोकरीमुळे ११ महिने पुण्यातच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे एका राज्यातील नोंदणी देशभर ग्राह्य असते. मात्र त्याच कायद्याच्या ४७ व्या कलमानुसार गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात राहिली, तर तिथला क्रमांक घ्यावा लागतो. वाहनकर हा राज्यांचा विषय असल्यामुळे कर्नाटकात आजीवन कर भरूनही महाराष्ट्राचा कर आधी भरायचा आणि मग तिकडच्या परताव्यासाठी अर्ज करायचा, हा क्रम मला उफराटा वाटतो. '२०२१ मध्ये सुरू झालेली, राज्य बदलले तरी क्रमांक बदलावा न लागणारी भारत मालिका घ्यायला हवी होतीस,' असे मी शहाणपणाने म्हणालो खरा. पण खासगी नोकरदाराच्या कंपनीची कार्यालये त्यासाठी किमान ४ राज्यांत किंवा केंद्रशासित प्रदेशांत असावी लागतात आणि त्याच्या कंपनीची दोनच राज्यांत आहेत. गाडीची नोंदणी महाराष्ट्रात आणण्यासाठी लागणाऱ्या ना-हरकत प्रमाणपत्राच्या कामासाठी तो शनिवारी बेळगावला निघेल. गाडी न्यावी की एसटीने जावे, असे त्याने विचारले, तेव्हा मी फक्त कुंदा आणायला सांगितला.